गाळलेलं जेवण

गाळणीत उरलेला चोथा मिस्त्रींनी चमच्याच्या पाठीने दाबून दाबून पिळला आणि सुपाची वाटी खिडकीशी नेऊन उजेडात पाहिली. तळाशी गाजराचा एक कण दिसला. त्यांनी सूप पुन्हा मिक्सरमध्ये ओतलं.

"अहो, पुरे आता. पाणी झालंय त्याचं," बायको म्हणाली.

"पाणीच व्हायला हवं. पाणी कुठे अडकत नाही."

मिस्त्री म्हणजे प्लंबर. तुंबलेले पाइप मोकळे करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. त्यामुळे बायकोचं वजन उतरावं, गुडघ्यांवरचा भार हलका व्हावा म्हणून डॉक्टरांनी तिच्या जठराच्या वरच्या टोकाला पट्टा बसवला, तेव्हा हे प्रकरण आपल्याला डॉक्टरांइतकंच कळलंय, असं त्यांचं प्रामाणिक मत झालं. पाइप आला, पाइपला व्हॉल्व्ह आला. व्हॉल्व्हच्या वर एक छोटी टाकी. टाकी भरली की माणूस जेवण थांबवतो. त्यात न कळण्यासारखं आहे काय? घरी कुणी आलं की ते ग्लासातल्या पाण्यात बोट बुडवून टेबलावर ही आकृती काढून दाखवत. आपल्याच पोटाचं व्याख्यान बायको शेजारी बसून ऐकत असे.

गाळणीचा मात्र इतिहास होता. ऑपरेशननंतर घट्ट जेवणाची परवानगी मिळाली, त्या दिवशी तिने पावाचा मोठा घास सवयीने भरभर गिळला. पडद्यांच्या दुकानात ती कापड बेतायचं काम करायची आणि गिऱ्हाईक नसेल तेवढ्या वेळात जेवण उरकायचं, हीच तिची कायमची रीत. घास छातीत रुतला. तोंडाला लाळेची धार लागली, डोळे पांढरे व्हायची वेळ आली. मिस्त्रींनी घाईघाईने पाणी पाजलं, तेही उलटून आलं. अखेर सगळं बेसिनमध्ये पडलं, तेव्हा कुठे त्यांनी तिची पाठ सोडली. दुसऱ्या दिवशी ते बाजारातून सर्वांत बारीक जाळीची गाळणी घेऊन आले. तेव्हापासून ते पहाटे उठून तिचं जेवण स्वतः शिजवत, दळत आणि गाळत. नवरा असावा तर असा, असं शेजारणी म्हणत. तिलाही ते नाकारता येत नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती.

कारण सूप पिऊन ती दुकानात पोचायच्या आत पोटात कावळे ओरडायला लागत. हात कात्री धरून असे आणि डोकं जेवणाचा विचार करत असे. मग ती भरपूर साखर घातलेली कॉफी पिई, दूध पिई. तेही पातळच होतं, म्हणजे चालत असणार. सुरुवातीला झरझर उतरलेलं वजन आधी थांबलं आणि मग हळूच वर सरकू लागलं.

"मला भूक लागलीय," ती म्हणे.

"आत्ता तर प्यायलीस. टाकी भरलेली आहे तुझी."

"टाकीचं मला माहीत नाही. भूक लागलीय."

"मनाचे खेळ आहेत. लक्ष देऊ नकोस."

मिस्त्रींच्या थोरल्या बहिणीने फोनवर याचा निकाल दोन वाक्यांत लावला. "अरे, चोरून खात असेल. एवढं पातळ पिऊन कुणाचं वजन वाढतं का?" मिस्त्रींनी "छे छे" म्हटलं, पण ते म्हणायला त्यांना जरा उशीरच झाला. स्पीकर चालू होता आणि ती तिथेच भाजी निवडत बसली होती.

नंतर एका संध्याकाळी ती अंघोळ करून बाहेर आली, तर मिस्त्री तिची पर्स उघडून उभे होते.

"किल्ली बघत होतो," ते म्हणाले.

तिने पर्स त्यांच्या हातातून घेतली आणि पलंगावर उलटी केली. मोजपट्टी, खडूचा तुकडा, कंगवा, गुडघ्याला लावायचं मलम.

"सापडलं?"

मिस्त्री मलमाचं झाकण घट्ट बसवत राहिले. ते आधीच घट्ट होतं. त्या रात्री तिला भुकेने झोप आली नाही की अपमानाने, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. चोरी केली असती तर निदान पोट तरी भरलं असतं, असं मनात आलं आणि तिला आणखीच संताप आला.

अखेर मिस्त्रींनीच दवाखान्याची वेळ घेतली. पट्टा थोडा आवळून घेतला की प्रश्न मिटेल, असं त्यांचं निदान होतं. कातडीखाली एक डबी बसवलेली असते, तिच्यात सुईने पाणी भरलं की पट्टा आवळतो. एवढ्याशा कामाला भीती कसली, असं ते वाटेत तिला समजावत होते. तिला सुईची भीती नव्हतीच. आवळल्यावरही भूक लागली तर पुढे काय, याची होती. मग तर ती नक्कीच चोर ठरणार होती.

आतल्या खोलीत पट्टा बसवलेल्या पेशंटचं बघणारी सिस्टर बसली होती.

"काय होतंय?"

"पट्टा सैल पडलाय," मिस्त्री म्हणाले. "जरा आवळून द्या."

"मी यांना विचारतेय."

बायकोची नजर सवयीने मिस्त्रींकडे गेली. तिच्या पोटाबद्दल बोलायचं काम बरेच महिने दुसऱ्याकडेच होतं.

"मला भूक लागते," ती म्हणाली. "सारखी. खोटं नाही सांगत."

"खोटं कशाला सांगाल? काय काय खाता?"

तिने सांगितलं. सूप, ताक, कॉफी, दूध, पुन्हा सूप. सिस्टरने लिहिणं थांबवलं.

"चावायचं काहीच नाही?"

"अडकू नये म्हणून मी सगळं गाळून देतो," मिस्त्री म्हणाले आणि खिशातलं पेन काढून रिपोर्टच्या पाकिटावर पाइप, व्हॉल्व्ह आणि टाकी काढायला लागले. सिस्टरने त्यांना पुरतं बोलू दिलं.

"अशी टाकी भरत नसते," ती मग म्हणाली. "भरत असेल तर काहीतरी बिघडलंय. घास पट्ट्याच्या वर थांबायलाच नको. लहान, नीट चावलेला घास अन्ननलिका दाबत दाबत पट्ट्यातून खाली सोडते. तो तिथून दाबून जातो ना, त्या दाबानेच मेंदूला कळतं की आता पुरे. पट्टा अन्न अडवायला नाही बसवलेला, पोट भरल्याचं कळवायला बसवलाय. तुमचं सूप सरळ खाली जातं. पट्ट्याला पत्ताही लागत नाही."

"म्हणजे हिला..."

"भूक लागणारच. सारखी लागणार. मलाही लागली असती."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. मिस्त्री पाकिटावरच्या टाकीकडे बघत होते.

"पण मग पाण्याने ढकललं तर?" त्यांनी विचारलं.

"तुंबलेल्या मोरीत वरून बादली ओतली तर काय होतं?"

"वर येतं," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले.

"हे सगळं ऑपरेशननंतर सांगतो आम्ही. तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

"मी गुंगीत होते," बायको म्हणाली. "माझ्या वतीने हे ऐकत होते."

सिस्टरने आपल्या डब्यातून उकडलेलं अंडं काढलं आणि करंगळीच्या नखाएवढा तुकडा तिच्या हातावर ठेवला. ती चावत राहिली. गिळायला गेली तर सिस्टर म्हणाली, अजून चावा. मग तिने गिळलं. छातीच्या खाली काहीतरी अलगद धरल्यासारखं झालं आणि सुटलं.

"गेला का?" मिस्त्रींनी सिस्टरला विचारलं.

"गेला," बायको म्हणाली.

पट्टा आवळायची गरज नव्हती. तो होता तसाच ठीक होता.

घरी येताना मिस्त्री रबराबद्दल बोलत होते. नळातला वायसर आणि हा पट्टा यांत मूळ फरक काय, ते त्यांच्या आता लक्षात आलं होतं. ती ऐकत चालली होती. प्रत्येक वळणावर तिला वाटे, आता म्हणतील. चौक गेला, औषधाचं दुकान गेलं, घराची पायरी आली.

"तुम्हाला काही म्हणायचंय का?" तिने विचारलं.

"कशाबद्दल?"

"काही नाही."

संध्याकाळी मिस्त्रींनी अंडी आणि बटाटे उकडले, शेंगा शिजवल्या आणि सगळ्याचे बारीक तुकडे केले. हात कसलेला होता, प्रत्येक तुकडा अगदी सारखा. दोघं जेवायला बसली. ती एक तुकडा तोंडात घाली, चावे, गिळे आणि थांबे. मिस्त्रींचं ताट कधीच रिकामं झालं होतं, तरी ते बसून होते. प्रत्येक घासाबरोबर त्यांची नजर तिच्या गळ्यावरून खाली उतरत होती.

निम्मं ताट संपलं असेल, तेव्हा तिने चमचा खाली ठेवला. पोटात कसलीच ओढ नव्हती. तिने थोडं थांबून पाहिलं, तरी नव्हती.

"बस," ती म्हणाली. "पोट भरलं."

मिस्त्रींनी ताटात उरलेल्या तुकड्यांकडे पाहिलं.

"खरंच?"

ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. आपण काय बोललो, ते मिस्त्रींना जरा वेळाने ऐकू आलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले.

"म्हणजे तसं नाही. भरलं म्हणतेस, तर भरलं असेल."

"असेल?"

"भरलं," मिस्त्री म्हणाले.

"आणि भूक?"

मिस्त्रींनी टेबलावर सांडलेलं पाणी बोटाने पुसलं. बोट नेहमीच्या सवयीने रेघ ओढायला निघालं होतं, ते त्यांनी मागे घेतलं.

"लागत होती," ते म्हणाले.

हे ऐकण्यासाठी ती दिवसभर थांबली होती. आता ऐकलं, तर राग होता तिथेच होता, उलट बसायला त्याला नीट जागा मिळाल्यासारखं झालं होतं. तिने आपलं ताट त्यांच्यासमोर सरकवलं.

"हे तुम्ही संपवा," ती म्हणाली. "मी बसलेय इथे. नीट चावा."