नारूची खुर्ची

आगरचा नारू चिखल्याच्या कबड्डी संघाचा मॅनेजर झाला, ही बातमी वेणूला डहाणूच्या मासळीबाजारात कळली. कळवणारी होती चिखल्याची रूपी. दोघींच्या पाट्या वर्षानुवर्षं शेजारी लागत. एकमेकींची गिऱ्हाइकं पळवायची, त्यावरून भांडायचं आणि दुपारी एकाच डब्यातलं जेवायचं, असा दोघींचा शेजार. रूपीने घाई केली नाही. तिने आधी बोंबील धुतले, पाटीवर पाणी मारलं, मग लुगडं सारखं करत अगदी सहज म्हणाली, "तुमचा नारू आता आमचा मॅनेजर. कालच मानाने नारळ-सुपारी दिली त्याला."

वेणू हसली. आगरच्या कबड्डीतली गोष्ट आपल्याआधी रूपीला कळावी, हे तिच्या डोक्यात शिरण्यासारखं नव्हतंच. आगरच्या बायका मैदानाच्या कडेला बसून ओरडतात त्यात पहिला आवाज वेणूचा असतो, आणि तो वाऱ्याची दिशा नीट असली तर समुद्रातल्या होडीवर ऐकू जातो. पंचसुद्धा शिट्टी मारण्याआधी एकदा वेणूकडे बघतात असं लोक म्हणत, आणि वेणूने ते कधी नाकारलं नव्हतं. म्हणून ती हसली, गिऱ्हाइकाला बोंबील मोजून दिले आणि मग हळूच कोळंबीवाल्या भिकीला विचारलं. भिकीने मान खाली घातली. तेव्हा वेणूचं हसू गेलं.

नारू कोण, हे आगरमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी एवढं सांगितलं की पुरे: त्याच्यासारखी चढाई या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणी केली नाही. समोरच्या पाच-सहा जणांकडे सरळ पाठ करायचा आणि मागे लाथ मारायचा. जो पकडायला पुढे आलेला असेल, नेमका त्यालाच ती लागायची. न बघता कसं कळतं, असं विचारलं की म्हणायचा, "माणूस जवळ आला की पाठीला कळतं." पुढे एका सामन्यात गुडघा गेला आणि खेळ संपला. गावाने त्याचा मोठा सत्कार केला. शाल दिली, नाक्यावर त्याचा फोटो असलेला भलामोठा फ्लेक्स लावला, आणि मैदानाच्या कडेला, अगदी पुढे, त्याच्यासाठी एक खुर्ची कायमची ठेवली. हातांची, लाल, प्लास्टिकची. ती वेणूच्याच घरची होती, आणि ही गोष्टही वेणूने कधी लपवली नव्हती.

दुपारी टमटममधून ती गावात उतरली तेव्हा देवळाच्या ओट्यावर अख्खं मंडळ जमलं होतं. टीव्हीवर कबड्डी सुरू झाल्यापासून गावातला प्रत्येक माणूस तज्ज्ञ झाला होता, त्यामुळे बोलायला कुणी कमी पडत नव्हतं. एक म्हणाला, नारूला चिखल्याने फितवलं. दुसरा म्हणाला, त्याची बायको मूळची चिखल्याचीच, तिनेच कान भरले. ती कैनाडची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, काही जण तर वऱ्हाडात जाऊन जेवले होते, पण त्या दिवशी खऱ्याखोट्याची कुणाला पडली नव्हती. संघाचा कप्तान दिपेश एका बाजूला गप्प बसला होता. तो लहानपणापासून नारूचीच नक्कल करत मोठा झालेला, त्याला शिवीही देता येईना आणि बाजूही घेता येईना.

शेवटी अध्यक्ष लाहूदादांनी निकाल दिला. नारूशी कुणी बोलायचं नाही. महिन्याभराने आगरला सामने आहेत, चिखल्याचा संघ येणार, तेव्हा त्याच्या नावाने एकही आवाज उठता कामा नये. आणि खुर्ची तर नाहीच नाही. पोरांनी तेवढ्यात फ्लेक्स उतरवून आणला आणि जाळायला काडेपेटी काढली. वेणूने तो हातातून ओढून घेतला. चांगला जाड आहे, जाळून काय मिळणार, मी त्यावर जवळा सुकवते, असं ती म्हणाली. ही शिक्षा जाळण्यापेक्षा जबर आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी अंगणात फ्लेक्स अंथरून तिने त्यावर जवळा पसरला. तिची मुलगी क्रांती शाळेतून आली आणि बघतच राहिली. नारूचे पाय, छाती, हातातली ढाल, सगळं जवळ्याखाली गेलं होतं, फक्त तोंड मोकळं होतं. तोंडावर का नाही पसरलास, असं तिने विचारलं. तिथे फाटलंय, वेणू म्हणाली. फ्लेक्स कुठेही फाटलेला नव्हता.

खरं म्हणजे चिखलं जिंकेल आणि आगर हरेल, याची वेणूला फिकीर नव्हती. चिखल्याला हरवायची धमक आगरमध्ये आहे याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तिला लागलं होतं ते वेगळंच. रोज संध्याकाळी नारू स्कूटरवरून तिच्या दारावरून चिखल्याला जायचा. पूर्वी दारावरून कुठेही जाताना हॉर्न वाजवायचा, आता मान सरळ ठेवून जायचा. ती पाठ फिरवून उभी राहायची आणि स्कूटर लांब गेली की वळून रस्त्याकडे बघत राहायची. असंच चालू राहिलं तर माणूस गावात राहील आणि गावाला मात्र कायमचा परका होईल. हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं, आणि सहन होत नाही ते सोसत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. लाहूदादांचा निकाल तिने आठवडाभर पाळला. तिच्या मानाने तो फार झाला.

नारू खाडीच्या काठाला एका शेडमध्ये होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. वेणू गेली तेव्हा तो इंजिन उघडून बसला होता. तिने पाटी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, आगरने तुला काय कमी केलं?

"काही नाही," नारू म्हणाला. "शाल दिली, फोटो लावला, खुर्ची दिली."

"मग?"

"चिखल्याची माणसं घरी आली, वेणूबाय. नारळ-सुपारी घेऊन. म्हणाली, आमच्या पोरांना शिकवशील का? मला असं कधी कुणी विचारलंच नव्हतं."

वेणूला याचं उत्तर तोंडपाठ होतं. आपल्या माणसाला विचारतात का? आगरमध्ये लग्न निघालं की हळद लावलेली सुपारी परक्यांच्या घरी जाते. घरच्यांना कोण आमंत्रण देतं? घरच्यांनी आदल्या दिवशी कांदा चिरायला आपणहून यायचं असतं. आमंत्रणाची वाट बघणारा तो घरचा कसला? हे सगळं तिने एका दमात सुनावलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

नारूने हात फडक्याला पुसले. तो रागावला नव्हता, हेच तिला जास्त टोचलं.

"कांदा चिरायला आलोच होतो की मी," तो म्हणाला. "गुडघा बरा झाल्यावर रोज संध्याकाळी मैदानावर येत होतो. आत पाय टाकला की कुणीतरी खुर्ची आणायचं. बस नारू, गुडघा जप. दिपेशचा पाय चुकतोय हे मला दिसायचं. सांगायला उठलो की पोरं खुर्ची पुढे सरकवायची, मला नीट दिसावं म्हणून. त्या खुर्चीत बसून बसून मला वाटायला लागलं, माझाही फोटोच झाला. नाक्यावर एक आणि मैदानावर एक."

खुर्ची कुणाच्या घरची, हे नारू बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. इंजिन नीट बसव, एवढं सांगून तिने पाटी उचलली. वाटेत तिला पोरं, लाहूदादा, आपण स्वतः, सगळे आठवले. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. सगळ्यांनी मिळून प्रेमाने त्याला कडेला बसवून ठेवलं होतं. घरी आली तर किनाऱ्यावर क्रांती आणि तिच्या मैत्रिणी वाळूत पायाने रेषा ओढून कबड्डी खेळत होत्या. रोजच खेळायच्या. त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती, वेणूलाही नव्हती. त्या दिवशी मात्र ती बराच वेळ बघत उभी राहिली.

सामन्यांचा दिवस आला. चिखल्याची पोरं नव्या बनियनांत उतरली आणि त्यांच्यामागून नारू. मैदानात सुई पडली तरी ऐकू यावी अशी शांतता झाली. त्याच्यासाठी खुर्ची नव्हती, आणि गंमत अशी की तो खुर्ची शोधतही नव्हता. रेषेच्या कडेने तो सारखा फेऱ्या मारत होता, ओरडत होता, वाकून पोरांच्या पायांकडे बघत होता. एवढा जिवंत नारू आगरने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. रूपी चिखल्याच्या बायकांत बसून वेणूकडे बघून हसत होती. वेणूने तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

सामना तोडीस तोड झाला. दिपेश जिवावर उदार होऊन खेळला. शेवटची चढाई चिखल्याची होती आणि गुण सारखे. त्यांचा एक किडमिडीत पोरगा मध्यरेषा ओलांडून आला, डावीउजवीकडे हुलकावण्या दिल्या आणि एकदम आगरच्या पोरांकडे पाठ करून उभा राहिला. क्षणभर कुणाला काही कळेना. मग पाठीमागे लाथ गेली, दिपेशच्या मांडीला लागली, आणि पोरगा मध्यरेषेपार लोळला.

आगर हरलं होतं, आणि आगरच्या सगळ्या बायका उभ्या राहून ओरडत होत्या: "नारू!" आपण काय ओरडतोय हे कळायच्या आतच त्या ओरडल्या होत्या. पहिला आवाज अर्थातच वेणूचा होता. लाहूदादांनी डोळे वटारले, पण ते नेमके कुणाकुणाकडे वटारावेत हे त्यांना समजेना, कारण त्यांची बायकोही त्यातच होती.

वेणू तेवढ्यावर थांबली नाही. ती सरळ मांडवात गेली, पाहुण्यांसाठी मांडलेल्या नारळांतला एक उचलला, तबकातली सुपारी घेतली आणि मैदान आडवं तुडवत नारूसमोर जाऊन उभी राहिली. भोवती दोन्ही गावं जमली. नारूने मान खाली घातली. शिव्या खायच्या तयारीत होता बिचारा.

"नारू," वेणू म्हणाली, "आगरच्या पोरींचा संघ करायचाय. त्यांना मॅनेजर नाही. गावाच्या वतीने विचारते, येशील का?"

आगरच्या पोरींचा संघ त्या क्षणापर्यंत अस्तित्वात नव्हता. क्रांती तोंड उघडं टाकून आईकडे बघत राहिली. लाहूदादा पुढे आले, काहीतरी बोलायला त्यांनी श्वास घेतला, आणि दोन्ही गावांसमोर गावाच्या नावाने दिलेला नारळ परत मागता येत नाही हे ध्यानात येऊन तो श्वास तसाच सोडला.

"आणि चिखल्याचं?" नारूने विचारलं.

"त्यांनी तुला विचारलं, तू शब्द दिलास. तो पाळ. संध्याकाळी त्यांची पोरं, सकाळी आमच्या पोरी. चिखल्याला पोरींचा संघ नाही, मग कुणाच्या पोटात का दुखावं?"

"पुढल्या वर्षी करू की आम्ही," गर्दीतून रूपी म्हणाली.

"कर. हरवायला कुणीतरी लागेलच आम्हाला," वेणूने मागे न बघता सांगितलं.

लोक हसले. नारू हसला नाही. त्याने नारळ दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि तसाच धरून उभा राहिला. डोळे भरून आले होते, ते त्याने पुसलेही नाहीत. दिपेश घामाने निथळत आला आणि पकड कुठे चुकली ते विचारू लागला. नारूने तिथेच, चिखल्याच्या पोरांदेखत, त्याला पाय कसा ठेवायचा ते दाखवलं.

फ्लेक्स पुन्हा नाक्यावर लागला. वेणूने तो धुतला होता, पण जवळ्याचा वास काही गेला नाही, आणि गावातली मांजरं बरेच दिवस नारूच्या पायाशी बसून असायची.

पहिल्या सकाळी ओहोटी लांबवर गेलेली, वाळू ओली आणि घट्ट. पोरी रेषा आखून उभ्या होत्या. बघायला अर्धं गाव आलेलं. नारू आला, चपला काढल्या, आणि तेवढ्यात मागून दिपेश धावत आला. सवयीने त्याच्या हातात लाल खुर्ची होती. त्याने ती रेषेजवळ नारूच्या मागे ठेवली आणि पुसली. नारू त्या खुर्चीकडे बघत राहिला.

वेणू गर्दीतून पुढे आली. तिने खुर्ची उचलली, दहा पावलं मागे नेली आणि ऐसपैस तिच्यात स्वतः बसली. "माझ्या घरची आहे," ती म्हणाली. "चालू करा आता."

नारू रेषेच्या आत गेला. गुडघा जरा कुरकुरला, त्याने लक्ष दिलं नाही. त्याने क्रांतीला बोलावलं, तिला पाठ करून उभं केलं आणि स्वतः तिच्या मागे गेला.

"मागे बघायचं नाही. मी कुठे आहे ते सांग."

"इथेच," क्रांती म्हणाली, आणि लाथ मारली.