सुरी धरायची रीत

आर्लीनने मरण्याआधी मागवून ठेवलेलं पुस्तक जानेवारीत आलं आणि वाचनालयातून तिच्या नवऱ्याला, व्हर्लिन हॉगेनला फोन आला. बायकोचं नाव कमी करायला म्हणून तो गेला, आणि पुस्तक काखेत मारून परतला. शाळा सुटल्यापासून त्याने कादंबरी हातात धरली नव्हती. ही तर मांसाच्या कारखान्यात राबणाऱ्या ग्वाटेमालाच्या एका बाईची गोष्ट. अमेरिकेतल्या त्यांच्या छोट्या गावातल्या तसल्याच कारखान्यात व्हर्लिनने एकतीस वर्षं डुकरं सोलली होती. साठाव्या पानावर त्याचं डोकं फिरलं.

गुरुवारी दुपारी तो वाचनालयात, तेच पुस्तक वाचणाऱ्या आर्लीनच्या वाचनमंडळात जाऊन उभा राहिला. सहा-सात बाया गोल करून बसल्या होत्या.

"खांद्याचं हाड असं काढतात होय?" त्याने पुस्तक टेबलावर आपटलं. "अशी सुरी धरली तर पहिल्याच दिवशी बोट जाईल!"

खिडकीपाशी बसलेली एक ठेंगणी बाई फिसकन हसली. तिचं नाव नॉ एह पॉ. ब्रह्मदेशातून आलेल्या कारेन लोकांपैकी, आणि त्याच कारखान्यात कामाला.

"काका बरोबर बोलतायत. मीही नवऱ्याला म्हटलं, ही लेखिका कधी आत पाऊल टाकून आलेली दिसत नाही."

ही बाहेरची माणसं आली आणि पगार घसरले, असं व्हर्लिन वर्षानुवर्षं म्हणत आला होता. बोलला मात्र त्यांच्यातल्या एकाशीही नव्हता.

"पण काका, सकाळी पुस्तकातल्या बाईची बोटं उघडत नाहीत, गरम पाण्याखाली धरून एकेक सोडवावी लागतात, ते वाचलंत? ते अगदी खरंय."

व्हर्लिनने हात पाठीमागे नेले. मग पुढे आणून टेबलावर तिच्यासमोर ठेवले.

"मला वाटायचं, माझंच असं होतं," तो हळूच म्हणाला. "आर्लीनलासुद्धा सांगितलं नव्हतं."

तिने आपले हात शेजारी ठेवले. तेही तसेच वाकडे.

पुढच्या महिन्याचं पुस्तक व्हर्लिनच्या पूर्वजांसारख्या, नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांचं निघालं. नॉ एह पॉने ते चाळत विचारलं, "तुमची माणसं खरंच मातीच्या घरात राहायची?"

"माझी पणजी राहायची. छतातून साप पडायचे."

"आमच्या निर्वासितांच्या छावणीत बांबूच्या छतातून पडायचे. आई आधी भातावर झाकण घालायची, मग आम्हाला हाका मारायची!"

व्हर्लिन पोट धरून हसला. कित्येक महिन्यांनी.

"त्या छावणीवर आहे का एखादं पुस्तक?"

"असेल. मला अजून मिळालं नाही."

त्याने खुर्ची पुढे ओढली. "मग तोवर तूच सांग."