कोपरा वळलेला पिवळा पत्ता

मी एक जुना पत्ता आहे, मित्रांनो. माझ्यावर आकडा नाही, राजा-राणी नाही, बदाम-इस्पिकसुद्धा नाही. नुसता पिवळा प्लास्टिकचा तुकडा! हसू नका. मकावच्या जुगारघरात मी बाहेर आलो की भल्याभल्यांचा खेळ थांबत असे.

माझं काम ऐका. पत्ते पिसून झाले की खेळणाऱ्यांपैकी एकजण मला गठ्ठ्यात खुपसतो, आणि तिथून गठ्ठा कापतात. मग मला शेवटाकडे ठेवून सगळे पत्ते पेटीत भरतात. वाटता वाटता मी निघालो, की त्यानंतरचा एकच डाव, तो शेवटचा. मला बाजूला ठेवायचं, तो डाव खेळायचा आणि संपवायचं. हा नियम कुणाच्या बापाला मोडता येत नाही.

नवा होतो तेव्हा कसा ताठ होतो! पुढे माझा एक कोपरा वर वळला. पत्ते वाटणारी युक-क्वान हाताने फार स्वच्छ. प्रत्येक डावानंतर दोन्ही तळवे उघडून वर छतातल्या कॅमेऱ्याला दाखवायची. तिनेच टेबलांवर देखरेख करणाऱ्या साहेबांना सांगितलं, "लिओंग साहेब, हा पिवळा बदलायला हवा. कोपरा वळलाय."

"चालतंय गं! त्याच्याकडे बघतंय कोण?" साहेब म्हणाले. मला फार लागलं ते.

एका सकाळी फॉक काका आले. जन्मभर मासेमारी केलेला माणूस. बोट विकून आलेले पैसे घेऊन बसले होते. मला गठ्ठ्यात खुपसलं त्यांनीच. मी बाहेर आलो तेव्हा काका रडकुंडीला आले होते. शेवटच्या डावावर त्यांनी उरलंसुरलं सगळं लावलं.

आमच्या बाकाराच्या खेळात नऊच्या जवळ जाईल तो जिंकतो, आणि दहा झाले की शून्य धरतात. समोरच्या बाजूचे सात झाले होते. काकांचे दोन. तिसरा पत्ता त्यांच्या चिमटीत. आमच्याकडे पत्त्यांच्या कोपऱ्यात आकडे छापत नाहीत, पत्ता वाकवून कडेने खुणा मोजायच्या. कडेला तीन खुणा दिसल्या. म्हणजे सहा, सात नाहीतर अठ्ठा. सहा-सात आले तर जिंकले, अठ्ठा आला तर मेले.

"उड! उड मेल्या!" काका जादा खुणा उडवायला पत्त्यावर फुंकर मारू लागले. भोवतीचे लोकही ओरडत होते, "फू! फू!"

काकांनी पत्ता पुरता पाहिला आणि टराटरा फाडला. इतर कुणी पाहायच्या आत.

नियम असा, की फाटलेला पत्ता जुळवायचा आणि मगच डावाचा निकाल. तुकडा कमी पडला तर डाव रद्द, लावलेले पैसे परत, आणि वाटणाऱ्या बाईच्या गळ्यातला बिल्ला काढून तिची चौकशी. युक-क्वान तुकडे जुळवत गेली. मधलाच तुकडा नव्हता.

पेटी उचलली, ट्रे उचलले, काकांच्या चहाचा पेला उचलला. तुकडा कुठे होता? माझ्या वळलेल्या कोपऱ्याखाली! मी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडलो होतो, म्हणून मला कुणी हात लावला नाही. ओरडावंसं वाटत होतं, पण तोंड कुठलं आणायचं?

काकांना मात्र तो तिथे सरकताना दिसला होता. त्यांची नजर माझ्यावर आली आणि झटकन दुसरीकडे गेली.

"काका, तुम्ही बघितलात तुकडा?" साहेबांनी विचारलं.

"मला काय ठाऊक? तुमचं टेबल, तुम्ही शोधा!"

"युक-क्वान, बिल्ला काढ."

तिने बाह्या वर सारल्या, रिकामे तळवे दाखवले. "साहेब, माझ्याकडे नाहीये हो. आईशपथ नाहीये."

"वरून कॅमेऱ्यात बघतील काय ते. काढ आधी."

ती गळ्यातली दोरी सोडू लागली. गाठ काही सुटेना. काका मान खाली घालून बसले होते. गप्प बसले असते तर लावलेले सगळे पैसे हातात पडणार होते.

"थांब गं पोरी," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "साहेब, तो पिवळा उचला."

मला उचललं. तुकडा जुळला. अठ्ठाच होता. युक-क्वानने काकांनी लावलेले पैसे ओढून घेतले, आणि रडत रडतच तळवे उघडून कॅमेऱ्याला दाखवले.

"काका..." तिने हाक मारली.

"रडतेस काय? बोट माझी गेली!" काका उठले. पुन्हा ते आमच्या टेबलावर दिसले नाहीत.

मला त्याच दिवशी भोक पाडून मोडीत काढलं. युक-क्वानने साहेबांना विचारून मला घरी नेलं. आता मी तिच्या मुलीच्या पुस्तकात खूण म्हणून असतो. वाचन जिथे थांबतं तिथे मी.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. साध्यासुध्या वस्तूचा कोपरा वळलेला दिसला, तर "चालतंय" म्हणू नका. त्या सकाळी एका माणसाने आपली बोट घालवून निभावून नेलं. दर वेळी फॉक काका समोर बसलेले नसतात.