पाठीतलं पत्र

धाकटी बहीण गेल्यापासून वह्या बांधणाऱ्या बाइंडरबाईच्या दुकानात कोणीतरी उभं राहायचं. दिसायचं नाही, पण खळ ढवळताना पाठीमागे श्वास ऐकू यायचा. बाई भित्री नव्हती. दहा जणांना पुरून उरेल अशी तिची जीभ होती, पण मेलेल्या माणसापुढे जिभेचं काय चालणार?

दोघी बहिणींचं भांडण झालं ते आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकावरून. धाकटीने ते नेलं आणि बाईने जो अबोला धरला तो चार वर्षं. मग धाकटीचं पत्र आलं. बाईने ते न फोडताच रद्दीच्या पेटीत भिरकावलं. वहीच्या पाठीवर, कापडाच्या आत, रद्दीच्या पट्ट्या चिकटवायच्या ही तिची जुनी रीत. जे दिसणार नाही तिथे कोरा कागद कशाला? त्या आठवड्यात चर्चच्या दुकानासाठी बारा भेटवह्या करायच्या होत्या. जांभळं कापड, सोनेरी क्रूस, रेशमी फीत आणि प्रत्येक पानाखाली एक वचन. घाईघाईत तिने अख्खी पेटी कापली. बहीण गेल्याचा निरोप आला तेव्हा ती पेटीकडे धावली, तर तळ दिसत होता.

अकरा वह्या कुणाकुणाच्या घरी गेल्या होत्या. बारावी उरली. रोज ती तिला सुरी लावायची आणि खाली ठेवायची. आत पत्र नसलं तर ते कायमचं गेलं. असलं तर त्यात शिव्याशापच असणार. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी वही भाचीला देऊन मोकळं व्हावं म्हणून तिने तिला बोलावून घेतलं.

भाची आली. वहीवरून हात फिरवत म्हणाली, "मावशी, आईचं पत्र मिळालं होतं ना? मीच पोस्टात टाकलं होतं."

बाई म्हणाली, "मिळालं. वाचलं नाही गं. न बघता कापलं. असलंच तर हिच्या पाठीत असेल."

भाची ओरडली नाही. वही पुढे सरकवून म्हणाली, "मग उघड."

बाईने कापड सोडवलं, ओल्या फडक्याने खळ भिजवली. पहिली पट्टी जाहिरातीची निघाली, दुसरी विजेच्या बिलाची. तिसरीवर निळी शाई होती. बाईला वाचवेना. भाचीने वाचलं, "पुस्तक तूच ने. तुझा राग जाईपर्यंत मी थांबते, ताई. घाई करू नकोस."

बाई गर्रकन मागे वळली. "राग पहिल्याच आठवड्यात गेला होता गं," ती रिकाम्या जागेला म्हणाली, "लाजेने पाय उचलला नाही, पत्रही फोडवलं नाही. आता नको थांबूस."

मागचा श्वास बंद झाला. तेव्हा कुठे बाईला कळलं की बहीण खरंच गेली, आणि ती भाचीच्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागली.