कुंकू लागलेले डॉलर

डॉलर चाळिशीला टेकला त्या वर्षीची ही गोष्ट. तेव्हा दिवाळे गावातून वाशीला जायचं म्हणजे बायका ठेवणीतलं लुगडं काढीत. गोजरा मात्र रोजचंच नेसून निघाली. भांडायला जाताना नवं कशाला?

तिचा हरेश परदेशी बोटीवर खलाशी. दिवाळीला येताना त्याने शंभर-शंभर डॉलरच्या वीस नोटा आणल्या होत्या. बापाच्या होडीला नवं इंजिन घ्यायचं होतं. पुरा भाव मिळाला तर जेमतेम भागणार, असा हिशोब. आणि गोजराने काय केलं? लक्ष्मीपूजनाला ती गड्डी पाटावर मांडून मनोभावे हळदकुंकू वाहिलं, वर पाणी शिंपडलं. रंग वरच्या पाच नोटांत उतरला.

वाशीला पैसे बदलून देणाऱ्या धर्मराजशेठने गड्डी उलगडली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मावशी, या पंधरा फळ्यावरच्या भावाने घेतो. या पाच डागी. डॉलरमागे चार रुपये कमी."

"डाग? देवीचं कुंकू हाय ते! तुज्या गल्ल्यावर पन हाय की."

"गल्ला मला अमेरिकेला पाठवायचा नाही, मावशी."

मागचं गिऱ्हाईक फिसकन हसलं. शेजारी उभ्या हरेशचे कान लाल झाले. "आये, देऊन टाक. दोन हजारच जातील. मी बोटीवर उचल घेतो."

तेच तिला नको होतं. पूजा तिची आणि दंड पोराने भरायचा? बेलापूरच्या बाजारात तिची हयात गेली. ताजी पापलेटं निवडून दबलेली मागे ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला तिने कधी पाटीला हात लावू दिला नव्हता.

"शेट, पाटी अख्खी जाईल. येकच भाव. नायतर आन इकडं."

"पंधरा तरी ठेवा."

"येक बी नाय."

पुढच्या दुकानात तीन रुपये कमी. त्याच्या पुढच्याने डागी नोटांना बोटही लावलं नाही.

"आये, चल ना घरी."

"अजून येका दुकानाची पाटी दिसते."

त्या दुकानातल्या कमळाकरची वेगळीच धावपळ चालली होती. दुसऱ्या दिवशी सिंगापूरला निघालेल्या मंडळींना डॉलर द्यायचे होते आणि ते कमी पडत होते. त्याचेही डोळे कोऱ्या पंधरा नोटांवरच. गोजराने पिशवी मांडीवर घेतली आणि बाकावर ठाण मांडलं.

"काकू, दुकान बंद करायचंय."

"कर की. मी कुटं दार धरलंय?"

त्याने दोन फोन केले. डॉलर कुठूनच मिळेनात. मग तो वैतागून म्हणाला, "आणा, सगळ्या आणा! फळ्याच्या भावाने. त्या पाच मी कुठेतरी खपवीन."

"मोजून घे. आन पावती दे."

आठवड्याने इंजिन बंदरात उतरलं. गोजरा कुंकवाची डबी घेऊन पुढे झाली. हरेशने आधी इंजिनाची पावती खिशात घातली, वर हात दाबून धरला आणि म्हणाला, "आता लाव, आये. पायजे तेवढं लाव."