गोलच्या खांबाची तिपाई

मित्रांनो, मी एक जुनी तिपाई आहे. घडीची. तीन लाकडी पाय आणि वर कापडाची बैठक. तिन्ही पाय अजून शाबूत आहेत, हे आधीच सांगून ठेवते. म्हाताऱ्या वस्तूंनी तोंड उघडले की लोकांना वाटते, आता दुखणी ऐकावी लागणार.

आमच्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर पूर्वी गोलचे खांब लाकडाचे होते. ते काढून लोखंडी बसवले, तेव्हा जुने खांब कुंपणाशी पडून राहिले. क्लबचा एक माजी गोलकीपर पेशाने सुतार होता. बारा वर्षे तो त्या खांबांच्या मध्ये उभा राहिलेला. ते जळणात जाणार हे ऐकून त्याला राहवेना. त्याने एक खांब खांद्यावर टाकून घरी नेला, त्यातून माझे पाय काढले आणि बैठकीला फाटक्या तंबूचे जाड कापड लावले. एका पायाच्या एका बाजूवर त्याने मुद्दाम रंधा मारला नाही. तिथे खांबाचा पांढरा रंग अजून आहे. म्हणून मी स्वतःला साधी तिपाई समजत नाही. थोडा गर्व आहे म्हणा ना.

सुताराने मला आपल्या मेहुण्याच्या हातात दिले. सुताराची मुले त्याला मामा म्हणत, त्यांचे ऐकून खेळाडू म्हणू लागले, आणि मग अख्ख्या क्लबचाच तो मामा झाला. मामांचे कुलूप-किल्ल्यांचे छोटेसे दुकान होते. पण क्लबमध्ये त्यांच्याकडे दुसरेच काम होते. गावोगावच्या मैदानांवर जाऊन खेळाडू हेरायचे आणि आणायचे. शनिवारी दुपारी दुकान बंद करायचे, मला काखेत मारायचे आणि निघायचे, असा आमचा वीस वर्षांचा परिपाठ होता.

मामांची पद्धत सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. कुठलाही खेळाडू पसंत करण्याआधी ते त्याच्यासाठी तीनदा बसत. पहिल्या वेळी मैदानाच्या कडेला बसून त्याचे पाय बघत. दुसऱ्या वेळी गोलच्या मागे बसत आणि चेंडू त्याच्याकडे नसताना तो काय करतो ते बघत. चेंडू एकीकडे आणि मामांची मान भलतीकडे, त्यामुळे शेजारच्या लोकांना हा माणूस चुकून फुटबॉलला आलाय असे वाटे. तिसऱ्यांदा मात्र तो ज्या दिवशी हरत असेल त्याच दिवशी बसायचे. हरणारा सामना मिळेपर्यंत आम्ही दोन-दोन महिने थांबलो आहोत.

एक देखणा खेळाडू मला आठवतो. पायात जादू होती. पण त्याच्या संघावर गोल झाला की तो खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागे. चार गोल झाले, चारदा नाडी बांधली. मामा उठले आणि मला मिटत म्हणाले, "याची नाडी सुटत नाहीये. याला कुणाच्या नजरेला नजर द्यायची नाहीये." त्याला आम्ही घेतला नाही. आणि एक काळासावळा, बेढब धावणारा, चार गोलांनी हरत असताना कुंपणापलीकडे गेलेला चेंडू स्वतः पळत जाऊन आणत होता. तो आमच्याकडे नऊ वर्षे खेळला.

खेळाडूची सही झाली की मामा किल्ल्यांच्या जुडग्यातला छोटा चाकू उघडत आणि माझ्या पायावर एक खाच पाडत. मला दुखायचे नाही. उलट मी वाट बघायची. अशा दहा खाचा माझ्या अंगावर आहेत. क्लबच्या बैठकीत कुणाचे नाव निघाले की लोक एवढेच विचारायचे, "मामा बसले होते का?" बसले होते म्हटले की विषय संपला. तेव्हा मला वाटायचे, क्लब माझ्याच तीन पायांवर उभा आहे.

मग वाईट दिवस आले. संघ हरू लागला. वरच्या गटातून खाली जाण्याची वेळ आली. नवे अध्यक्ष झाले. त्यांचा गाद्यांचा कारखाना होता, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे गादीवाले म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण थांबणे त्यांना ठाऊक नव्हते. नवा कोच आला. आणि एका बैठकीत प्रश्न निघाला, खेळाडू कुणी निवडायचे? खुर्च्या कमी होत्या, म्हणून मामा माझ्यावर बसले होते. मी सगळे ऐकले.

कोच म्हणाला, "हरलो की शिव्या कुणाला पडतात? मला. मग माणसं मी आणणार."

"क्लब कोण चालवतं?" गादीवाले म्हणाले. "उद्या मैदान बंद पडलं तर लोक माझ्या दारात येतील, तुमच्या नाही."

सेक्रेटरी चष्मा पुसत म्हणाले, "मी शंभर खेळाडूंचे व्हिडिओ बघून ठेवलेत. घरबसल्या काम होतंय. गावोगाव हिंडायची गरजच काय?"

मामा शेवटी बोलले. "गोल डावीकडून होतायत. आपल्याला डावीकडचा बचावपटू पाहिजे. एक आहे नजरेत. सायकल दुरुस्तीचं काम करतो. मी दोनदा बसलोय, अजून एकदा बसू द्या."

"डावीकडून नाही हो, गोलकीपरच्या हातातून होतायत," गादीवाले म्हणाले, आणि सगळे हसले.

मित्रांनो, त्या दिवशी काहीतरी ठरायला हवे होते. कुणाचेही नाव ठरले असते तरी चालले असते. पण कुणाला दुखवायचे नाही म्हणून सगळ्यांनी चहा घेतला आणि "मिळून बघू" असे म्हणून उठले. मिळून बघू म्हणजे प्रत्येकाने आपापले बघू, हे मला पुढे कळले.

मामांना ते हसणे लागले होते. एरवी शांत असणारा माणूस, पण त्या आठवड्यात किल्ली घासताना हात चुकत होता. खेळाडूंच्या नोंदणीची शेवटची तारीख जवळ येत होती. मी दुकानाच्या कोपऱ्यात मिटून उभी होते. शनिवारी त्यांनी मला उचलले, पण मैदानावर नेले नाही. सरळ सायकलवाल्याच्या दुकानात नेले आणि तिथे माझ्यावर बसून त्यांनी त्याला शब्द दिला. "ये तू. तुझी जागा पक्की."

सायकलवाला पंचविशीचा असेल. हात ग्रीसने काळे. तो म्हणाला, "मामा, खालच्या गावचा क्लबही बोलावतोय. त्यांना हो म्हणणार होतो. तुम्ही नक्की सांगताय ना?"

"मी सांगतोय म्हणजे झालंच की," मामा म्हणाले.

मामा त्याच्यासाठी तिसऱ्यांदा बसले नव्हते. सही झाली नव्हती. शब्द देण्याचा हक्क आता आपला राहिला आहे की नाही, हेही मामांनी कुणाला विचारले नव्हते. मी मनातून म्हणत होते, मामा, थांबा. पण तिपाईचे कोण ऐकणार? परतीच्या वाटेवर एका पुलाच्या कठड्याशी ते बसले, चाकू काढला आणि अकरावी खाच पाडायला लागले. निम्मी झाली आणि हात थांबला. का थांबला कोण जाणे. त्यांनी चाकू मिटून खिशात टाकला आणि आम्ही निघालो.

सरावाचा पहिला दिवस उजाडला. कोचने आपला माणूस आणला होता. गादीवाल्यांनी सगळ्यांना चकित करायचे म्हणून आपला आणला होता. सेक्रेटरींनी व्हिडिओ बघून एक बोलावला होता. तिघांच्याही सह्या होऊन गेल्या होत्या. आणि मित्रांनो, तिघेही गोलकीपर होते. तिघे हातमोजे घालून एका गोलपुढे उभे राहिले आणि एकमेकांकडे बघू लागले. जुना चौथा कुंपणाला टेकून हे बघत होता. गोल मात्र पूर्वीसारखाच एक होता.

हसू येते ना? मलाही आले असते. पण फाटकाशी सायकलवाला पिशवी घेऊन उभा होता. सेक्रेटरींनी यादी दोनदा वाचली आणि म्हणाले, "तुमचं नाव नाही. जागाच उरली नाही आता." त्याने मामांकडे बघितले. मामांनी आयुष्यभर खेळाडूंची नजर पारखली होती. त्या दिवशी त्यांनीच मान खाली घातली आणि माझ्या बैठकीचा एक सुटलेला दोरा उगाच चाचपत राहिले. मला तो नाडीवाला खेळाडू आठवला, आणि मेल्याहून मेल्यासारखे झाले.

सायकलवाला ओरडला नाही. त्याने आत येऊन मला मिटले, मामांबरोबर फाटकापर्यंत नेले, तिथे त्यांच्या हातात दिले आणि म्हणाला, "येतो मामा." तोवर खालच्या गावच्या क्लबची नोंदणीही बंद झाली होती. त्याचे ते अख्खे वर्ष गेले. मामा मागे वळले, प्रेक्षकांच्या बाकांखालच्या कोठीत आले, मला भिंतीशी टेकवले आणि गेले. ते परत आले नाहीत.

त्या कोठीत मी सहा वर्षे काढली. डावीकडे हवा गेलेले चेंडू, उजवीकडे चुन्याची पोती. माझ्यावर कुणी रंगाचा डबा ठेवला, तो सांडून माझ्या दोन खाचा भरून गेल्या. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून वर्षभर मला दारात अडकवून ठेवले होते. त्याचे मी वाईट वाटून घेतले नाही, कारण दाराच्या फटीतून मैदानाची एक पट्टी दिसे. संघ एक गट खाली गेला, मग आणखी एक. कोच बदलत राहिले. वर बाकांवर पाय वाजत, ते दर वर्षी कमी होत गेले. मी मात्र एकाच पावलाची वाट बघत होते. डावी टाच जरा घासत चालणारे ते पाऊल मला हजारात ओळखू आले असते. शनिवार आला की माझे कापड आपोआप ताणले जाई. कुणीतरी बसावे, पुढे झुकावे, श्वास रोखून धरावा. बसणाऱ्याचे वजन पुढे सरकले की मला कळायचे, मामांना काहीतरी दिसले आहे. त्या वजनासाठी मी झुरले. याला दुसरा शब्द नाही.

मग एके दिवशी सकाळी दार उघडले. गादीवाले होते. केस पांढरे झालेले, आवाज उतरलेला. बरोबर एक तिशीचा माणूस, एका गुडघ्याने किंचित लंगडणारा. हात धुतलेले असले तरी नखांच्या कडांना ग्रीस होते. मी ओळखले. खालच्या गावाकडून पाच वर्षे खेळून गुडघा गेला म्हणून थांबला होता, आणि तिथली पोरे त्यानेच हेरली होती असे क्लबभर बोलले जात होते.

"ये बाबा तू," गादीवाले म्हणाले. "आमचे सगळे प्रयोग करून झाले."

"येतो. पण आधी एक ठरू द्या," सायकलवाला म्हणाला. "कुठली जागा रिकामी आहे ते कोच सांगेल. त्या जागेवर कोण, ते मी बघून सांगेन, एकटा. सही तुम्ही करायची. आणि सही होईपर्यंत कुणी कुणाला शब्द द्यायचा नाही. मीसुद्धा नाही."

गादीवाल्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "तेव्हा तुझ्यावर अन्याय झाला."

"तेव्हा मी घरी जाऊन तीन दिवस जेवलो नव्हतो," तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याने मला उचलले. शर्टाच्या बाहीने माझी धूळ पुसली. त्याचा अंगठा खाचांवरून फिरला आणि अकराव्या खाचेशी थांबला.

तो मला घेऊन मामांच्या घरी गेला. मामा खिडकीशी बसले होते. नजर अधू झाली होती, समोरच्या माणसाचा नुसता आकार दिसे. पण माझ्या पायाचा फरशीवर आवाज झाला आणि ते ताडकन म्हणाले, "ही माझी आहे." मित्रांनो, सहा वर्षांत एवढे गोड मला कुणी बोलले नव्हते.

"मामा, ही शेवटची खाच निम्मीच का?" त्याने विचारले.

मामांनी आवाज ओळखला. ते म्हणाले, "ती तुझी. घाई झाली मला. तुझ्यासाठी नाही रे, त्या लोकांना दाखवून द्यायचं होतं. माफ कर." मग खिसा चाचपत म्हणाले, "चाकू आहे अजून. आण इकडे, पुरी करतो."

"नको," सायकलवाला म्हणाला. "मी तुमच्याकडून खेळलोच नाही. ती निम्मीच राहू द्या. कुणाला शब्द द्यायची वेळ आली की मी आधी तिच्यावर बोट फिरवीन."

मामांनी खिशातला हात बाहेर काढला. मग विचारले, "शनिवारी कुठे बसणार आहेस?"

"शाळेमागच्या मैदानावर. तिसऱ्यांदा. कोचला हव्या त्या जागेचा पोरगा आहे, आधीच दोनदा बघून ठेवलेला. दोन्ही खेपेला जिंकला, म्हणून थांबलोय. चला ना."

परवाच्या शनिवारी आम्ही तिघे गेलो. बसायला मी एकटी, म्हणून मामा बसले आणि सायकलवाला त्यांच्या खांद्यावर हात ठेवून शेजारी उभा राहिला. मामांचे वजन किती कमी झाले आहे. पूर्वीच्या निम्मे असेल. तो पोरगा तीन गोलांनी हरत होता.

"आत्ता चौथा झाला," सायकलवाला म्हणाला.

"चेंडूचं नको सांगू. तो काय करतोय?"

"गोलकीपरला हात देऊन उठवतोय."

मामांचे वजन हळूच पुढे सरकले.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. माझ्यावर रंगाचे डबे ठेवू नका. आणि उद्या कुणाला निवडायचा अधिकार तुमच्या हातात आला, तर आधी त्याच्यासाठी तीनदा बसा, मग बोला. नवी खाच अजून पडलेली नाही. सही व्हायची आहे. मी वाट बघते आहे, पण आता घाई नाही.