स्वर्गात वाजलेली बेल

हॉल गच्च भरला होता. "हे नेटवर्क टॉवरचं नाही, पुण्याईचं आहे!" फोनवाले बाबा गरजले आणि टेबलावरचा स्पीकर खरखरला. "गोळ्या बंद कर आता." मग खोकला, मागे दाराची बेल. माझ्या घरमालकीण मावशींनी हंबरडाच फोडला. आवाज त्यांच्या यजमानांचा होता, आणि त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. लोक हात जोडून उभे राहिले. मी गुपचूप रेकॉर्ड करत होते.

मी डिजिटल फॉरेन्सिक्समध्ये एम.एस्सी. करते. पुसलेले फोटो परत आणते, पण मला स्वतःला फोन येतात ते फक्त जाहिरातींचे. ह्या परक्या शहरात "आलीस का गं?" विचारणारं माणूस एकच, मावशी. आणि त्यांनी हृदयाच्या गोळ्या सोडून बाबांचं राखेचं पाणी धरलं! पाय सुजले, जिना चढताना धाप लागायला लागली.

"बाबांनी तुमचा फोन मागितला होता?" मी विचारलं.

"शुद्धीला. शिष्याने रात्रभर ठेवून घेतला."

म्हणजे पाणी इथेच मुरत होतं. आमच्या लॅबचा पहिला धडा, मूळ पुराव्याला हात न लावता आधी नक्कल काढायची. त्या लबाडांनीही तेच केलं होतं. मीही मावशींच्या फोनची नक्कल काढली आणि काकांचे, म्हणजे त्यांच्या यजमानांचे, जुने व्हॉइस मेसेज ऐकत बसले.

सापडलं! माणूस तेच वाक्य दोनदा बोलला तरी आवाजाच्या लहरी तंतोतंत जुळत नाहीत. ह्या एका मेसेजच्या मात्र हॉलमधल्या माझ्या रेकॉर्डिंगशी जुळल्या, खोकल्यासकट, बेलसकट.

"मावशी, स्वर्गात कुणाच्या दाराची बेल वाजते हो?"

त्या भडकल्या. "तुझं काय जातंय? ह्या घरात तेवढाच एक आवाज येतो!"

"तुम्ही गेलात तर माझ्यासाठी तोही उरणार नाही," मी रडतच म्हणाले आणि मूळ मेसेज पूर्ण लावला.

"सर्दी गेली ना? मग त्या गोळ्या बंद कर आता." खोकला. बेल. "थांब, कोण आलंय बघतो. आणि हृदयाच्या मात्र चुकवू नकोस हं."

मावशींनी उठून हृदयाची गोळी घेतली.

"हा आवाज तरी त्यांचाच ना गं?"

"त्यांचाच, मावशी. मूळ तुमच्याकडेच आहे."

लोकहो, दुःखात कुणाचाही हात धरावासा वाटतो, मलाही वाटतो. पण चमत्कार दिसला की एवढं विचारा: आपला फोन कुणाच्या हातात होता, आणि मागचं-पुढचं वाक्य कुणी कापलं?